वैमानिकाच्या कानामागचा डाग

"दार लावून घे. आणि दिवा मालव," गंगाधरकाका म्हणाले.

"काका, मग मोरीत काहीच दिसणार नाही."

"दिसायचं नसतंच. एक्स-रेची फिल्म उजेडात हाताळत नाहीत. कोणत्याही फोटोवाल्याला विचार."

फोटोवाल्याला विचारायला मी गेलो नाही. काढून, धुऊन, वाळवून वर्षानुवर्षं पाकिटात पडलेल्या फिल्मला आता उजेडाचं कसलं भय, असं मनात आलं. पण त्या घरात मनात आलेलं मनातच ठेवायची पद्धत होती. मी दार लावलं, दिवा मालवला. अंधारात पाकीट करकरलं, बादलीत काहीतरी बुडालं आणि सोड्याच्या कढत पाण्याचा शिंतोडा माझ्या पायावर उडाला. मी ओरडलो.

"ओरडू नकोस," काका शांतपणे म्हणाले. "पाणी गरम आहे."

ही साताऱ्यातली गोष्ट, भर मे महिन्यातली. मी तेव्हा पुण्याला कॉलेजात होतो, एन.सी.सी.च्या हवाई शाखेत होतो, आणि सुट्टीला काकांकडे येताना लाकडी पट्ट्यांचं नि कागदाचं अर्धवट विमान मांडीवर घेऊन एस.टी.तून आलो होतो. महिनाअखेरीला कॅम्पात स्पर्धा होती. पंख झाले होते, शेपटी झाली होती, वैमानिकसुद्धा खडूचा कोरून, रंगवून आपल्या जागी बसवला होता. राहिली होती ती त्याच्या डोक्यावरची कॅनॉपी, म्हणजे पारदर्शक घुमट. तो घरीच करायचा असतो. आधी घुमटाच्या आकाराचा लाकडी साचा कोरायचा, पॉलिशपेपरने घासून बोटाला लागणार नाही इतका गुळगुळीत करायचा. मग पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा लाकडी चौकटीवर पिनांनी ताणून बसवायचा, तापवायचा, आणि मऊ पडला की त्यात तो साचा दाबायचा. सांगायला सोपं आहे.

शर्टाच्या खोक्यांची पारदर्शक झाकणं मी करून पाहिली होती. तापली की ती मोतीबिंदू झाल्यासारखी पांढुरकी पडत. आमचे शिक्षक म्हणाले होते की जुनी एक्स-रे फिल्म मिळव, धुण्याच्या सोड्यात बुडव, वरचा काळा थर निघून जातो आणि खाली काचेसारखं प्लास्टिक राहतं.

हे मी काकूला सांगत होतो. काकांनी ऐकलं. दुसऱ्या कोणाला काही माहीत असणं काकांना सोसत नसे.

"एक्स-रे माझ्याकडे आहेत," ते आरामखुर्चीतून म्हणाले. "मी देतो. मात्र काम माझ्या देखरेखीखाली होईल."

मी आणि काकू एकमेकांकडे पाहतच राहिलो. कारण त्या घरात एक्स-रे ही देव्हाऱ्याच्या खालोखालची गोष्ट होती.

काकांच्या उजव्या फुप्फुसावर डाग होता. ते स्वतःची ओळखच तशी करून देत. तरुणपणी त्यांना खोकला झाला, छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, फोटो स्वच्छ आहे, सिगारेटी कमी करा. काकांनी फोटो घरी आणला, खिडकीत उजेडाला धरून संबंध संध्याकाळ पाहिला आणि तिसऱ्या बरगडीखाली, डॉक्टरांना न दिसलेला, पावट्याएवढा डाग त्यांना दिसला. त्या संध्याकाळी त्यांनी सिगारेट सोडली. वर्षाच्या आत नोकरीही सोडली. पुन्हा फोटो मात्र कधी काढला नाही, कारण किरणांनी डाग चिघळतो असं त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. तेव्हापासून ते आरामखुर्चीत होते. मे महिन्यातही गळ्याला मफलर असे. भाजी आणणं, पाणी भरणं, बँकेत जाणं हे सगळं डागाला वर्ज्य होतं. वर्ज्य नव्हतं ते फक्त बोलणं.

घर काकूच्या पगारावर चालायचं. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. संध्याकाळी कोणी पाहुणा आला की चहानंतर फोटो निघायचा. काका तो दोन बोटांनी कडेला धरायचे, काकू मागून दिवा धरायची आणि काका विणकामाच्या सुईने बरगड्या मोजत डागापर्यंत पोहोचायचे. "डॉक्टरांना दिसला नाही," ते म्हणायचे, "मला दिसला." पाहुणा हळहळायचा. फोटोला दुसऱ्या कोणी बोट लावायचं नाही. पाकिटातून काढायचा काकांनी, ठेवायचाही काकांनीच.

दुसरा फोटो त्यांच्या नडगीचा होता. मागे कधीतरी जिन्यावरून घसरले होते. त्यात कोणाला रस नसे. पण पाहुणा फारच चिवट निघाला तर छातीनंतर तोही दाखवला जाई. आदल्याच रविवारी शेजारी नवे आलेले बँकेतले गृहस्थ दोन्ही फोटो पाहून गेले होते आणि तेव्हापासून जिन्यात भेटले की घाईत असायचे.

"नडगीचा घे," काका मला म्हणाले. "हाड जोडलं, त्या फोटोचं काम संपलं. फुप्फुसाचं तसं नसतं."

आणि 'पाय' असं लिहिलेलं पाकीट काखोटीला मारून ते मोरीकडे निघाले.

अंधारात मी फिल्म चोळत होतो. हाताला शेवाळासारखं गिळगिळीत काहीतरी लागत होतं आणि सुटून येत होतं. काका बाहेरून, दाराच्या फटीतून सूचना देत होते. वाफेने डागाला त्रास होतो, म्हणून फिल्म पाण्यात टाकताच ते बाहेर जाऊन उभे राहिले होते.

"गोल चोळ. गोल. उभं चोळलंस तर ओरखडे उठतील."

मी उभं चोळत होतो. ओरखडे उठले नाहीत.

दिवा लावला तेव्हा बादलीतलं पाणी काळं झालं होतं आणि माझ्या हातात किंचित निळसर, स्वच्छ, मोठा तुकडा होता. हाड नाही, मांस नाही, काही नाही. फक्त एका बाजूला एक तपकिरी ठिपका उरला होता. मी तो नखाने खरवडला, पुन्हा सोड्यात बुडवला, पुन्हा चोळला. जाईना.

काकू भाजीची पिशवी घेऊन बाहेरून आली. मी फिल्म तिच्या हातात दिली. सवयच ती, तिने लगेच फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली. आणि मग बराच वेळ धरूनच राहिली.

"हा डाग कसला?" तिने विचारलं.

"चहाचा असेल," मी म्हणालो.

"चहाचा!" काका आरामखुर्चीतून उठले. असं ते क्वचित उठायचे. "आण इकडे. चहाचा डाग सोड्यात टिकेल का रे? कॉलेजात काय शिकवतात तुम्हाला?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फिल्म नाकाशी नेली आणि ठिपक्यावरून अंगठा फिरवला. "बघ. कडा वर आल्या आहेत. बोटाला लागतात. फोटोतली गोष्ट बोटाला लागत नाही, बाहेरून झालेली लागते. हा सिगारेटचा चटका आहे."

"नक्की?" काकूने विचारलं.

"नक्की म्हणजे? मी सिगारेटी ओढल्या आहेत, तू नाहीस. जळतं टोक टेकलं, प्लास्टिक वितळलं आणि पुन्हा थिजलं. आता हा जन्मात जाणार नाही."

"कोणी टेकवलं असेल हो?"

"असेल कोणीतरी गाढव. एका हातात सिगारेट आणि दुसऱ्या हातात दुसऱ्याचा फोटो! एक्स-रेवाल्याकडचा कोणी हमालबिमाल असेल. अशा माणसांना या वस्तूंजवळ फिरकू देता कामा नये."

"खरंच," काकू म्हणाली. फिल्म माझ्या हातात परत देताना ती हलकेच पुटपुटली, "डागाचा तुकडा टाकून देऊ नकोस हं."

मला वाटलं, काटकसर.

स्वयंपाकघरात मी फिल्मचे तीन तुकडे केले. वातीच्या स्टोव्हवर तवा ठेवला, तव्यापासून वीतभर वर चौकट धरली. काकांनी खुर्ची उंबऱ्याबाहेर आणवून घेतली आणि तिथून देखरेख सुरू केली.

"घाई करायची नाही. मी सांगेपर्यंत थांबायचं."

फिल्म मऊ पडली. मधे वाळत घातलेल्या धोतरासारखा झोळ आला.

"काका, झाली वाटतं."

"थांब म्हटलं ना."

झोळात बुडबुडे आले. बुडबुडे तपकिरी झाले. मग तुकडा कडेने वळला आणि त्याला तळलेल्या पापडाची कळा आली. घरभर वास सुटला.

"पाहिलंस?" काका मफलर नाकाला लावून म्हणाले. "वेळेवर काढला नाहीस."

दुसऱ्या तुकड्याला ते लगेच, "आत्ता!" म्हणून ओरडले. मी दचकून साचा दाबला. फिल्म नुकती कोमट झाली होती, टचकन चिरली.

"हात जड आहे तुझा," काकांनी निदान केलं. "घुमटाचं काम हलक्या हाताचं असतं. जगात मोठमोठे घुमट झाले ते काय—"

"अहो, तुमचा काढा निवतोय," काकू म्हणाली.

काढ्याच्या बाबतीत काका फार काटेकोर होते. ते खुर्चीतून उठून पुढच्या खोलीत गेले. काकूने मधलं दार लोटून घेतलं.

"आता कर," ती म्हणाली.

"डागाचाच तुकडा राहिलाय. डाग वैमानिकाच्या कानामागे येईल."

"येऊ दे."

"वाईट दिसेल."

"दिसायलाच हवा," काकू म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. ती गवार मोडत होती.

झोळ आला. बुडबुड्यांची वाट न पाहता मी चौकट तव्यावरून काढली आणि साचा एका दमात सरळ खाली दाबला. फिल्म साच्याला अशी बसली की जणू त्याच मापाची शिवून आणली होती. थंड झाल्यावर लाकूड काढलं. हातात थेंबासारखा घुमट राहिला. सुरकुती नाही, बुडबुडा नाही. फक्त मागच्या बाजूला तो तपकिरी ठिपका. पुढे स्पर्धेत विमान पहिल्याच गिरकीत नाकावर आपटलं आणि त्याचे तुकडे माणसांच्या पायाखालून गोळा करावे लागले. कॅनॉपी तेवढी शाबूत राहिली. पण ते नंतर.

मी कडा कापून घुमट विमानावर चिकटवला आणि विमान पुढच्या खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलावर वाळत ठेवलं. काकांनी लांबूनच पाहिलं.

"जमलं," ते म्हणाले. "माझ्या सूचना पाळल्यास तर जमतं."

संध्याकाळी खातूशेठ येणार होते, म्हणून काकूने जरीकाठाची साडी नेसली. खातूशेठ चिपळूणचे. तिथल्या मुलींच्या एका शाळेच्या संस्थेचे ते अध्यक्ष होते. काकूला त्यांनी मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं. दोनदा निरोप आला होता. आज ते स्वतः शेवटचं विचारायला येणार होते. हो म्हटलं तर जूनपासून रुजू व्हायचं, नाही म्हटलं तर ते दुसरीकडे बघणार. काकूला हे पद किती हवं होतं ते मला ठाऊक होतं. साताऱ्याच्या शाळेत तिच्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी आता तिची मुख्याध्यापिका होती आणि काकूच्या रजेच्या अर्जावर शेरे मारायची. पण काकांचा निकाल आधीच लागला होता: चिपळूणची हवा दमट, दमट हवेत डाग पसरतो. काकूनेही त्याला मान डोलावली होती. सकाळपर्यंत तरी.

खातूशेठ आडव्या अंगाचे, घामेजलेले, मोठ्या आवाजाचे. बसले, पाणी प्यायले आणि सवयीने खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं. काकांनी वाहतूक पोलिसासारखा हात वर केला.

"इथे नाही. माझ्या फुप्फुसावर डाग आहे."

"अरे बापरे. माफ करा हां." पाकीट खिशात गेलं. "बाई, मग काय ठरवलंत? पोरी वाट बघतायत तुमची. घर बघून ठेवलंय. मागे विहीर, पुढे ओटी. गंगाधरपंतांना ओटीवर बसायला काय मस्त वारा येतो!"

"वारा," काका म्हणाले, "दमट वारा. शेठ, तुमचा आग्रह मी समजू शकतो. पण माणसाने आधी स्वतःचं फुप्फुस पाहावं."

"मग बाई, तुमचं काय?" खातूशेठ म्हणाले.

काकू चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत म्हणाली, "आधी फोटो बघा, मग बोलू. अहो, दाखवा ना शेठना. एकदा पाहिलं की त्यांच्या मनात किंतू राहणार नाही."

काका चकित झाले. इतक्या वर्षांत काकू आपण होऊन असं कधी म्हणाली नव्हती. त्यांचा चेहरा उजळला. ते आत गेले, 'छाती' असं लिहिलेलं पाकीट घेऊन आले, खाकरले, फिल्म कडेने दोन बोटांत धरून पाहुण्यांकडे वळवली. काकूने मागून दिवा धरला. काकांनी विणकामाची सुई उचलली. त्यांना फिल्मकडे पाहायची गरजच नसे. सगळं पाठ होतं. पाहायचं ते पाहुण्याच्या चेहऱ्याकडे.

"ही पहिली बरगडी. ही दुसरी. आता नीट पाहा, डॉक्टरांना दिसला नाही, मला दिसला. ही तिसरी, आणि हिच्या बरोबर खाली—"

"गंगाधरपंत," खातूशेठ म्हणाले, "हा पाय आहे."

"काय?"

"पाय. हा गुडघा, हा घोटा. मोडलेला होता वाटतं."

काकांनी फिल्म आपल्याकडे वळवली. सुई नडगीवर टेकली होती. त्यांनी ती खाली ठेवली. मग आत जाऊन दुसरं पाकीट घेऊन आले, उलटं करून झटकलं. त्यातून काही पडलं नाही. पडणार कसं? रविवारी बँकेतल्या गृहस्थांना दाखवून परत ठेवताना काकांनीच फोटो उलटसुलट पाकिटांत घातले होते, आणि 'पाय'मधलं जे होतं, ते मोरीच्या पन्हळीतून बाहेर गेलं होतं.

"मग छाती कुठे गेली?" त्यांनी मला विचारलं.

मला तोंड उघडावं लागलं नाही. काकूने कोपऱ्यातल्या टेबलावरून विमान उचललं आणि दिव्यासमोर धरलं.

"ही घ्या," ती म्हणाली.

दिव्याचा उजेड घुमटातून आरपार गेला. खडूचा वैमानिक समोर पाहत ताठ बसला होता. त्याच्या कानामागे पावट्याएवढा तपकिरी डाग होता. फुप्फुस गेलं होतं, बरगड्या गेल्या होत्या, काळीज गेलं होतं. डाग जागच्या जागी होता.

खातूशेठना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी भाबडेपणाने बोट पुढे करून डागाला लावलं.

"बोटाला लागतोय की. चटका आहे हो हा, सिगारेटचा. आमच्या दुकानातल्या मेणकापडावर असे ढीगभर आहेत. सगळे माझेच."

"सकाळी ह्यांनीही तेच सांगितलं," काकू म्हणाली. "अंगठा फिरवून. मुकुंद साक्षीला आहे."

मी साक्षीला होतो. पण त्या क्षणी टेबलाखाली असतो तर बरं, असं वाटत होतं.

"तो... तो एक्स-रेवाल्याकडच्या..." काका म्हणाले.

"डॉक्टरांनी पाहिला तेव्हा फोटो स्वच्छ होता," काकू म्हणाली. "डाग घरी आल्यावर दिसला, खिडकीत बसल्यावर. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

काकांचा एक हात नकळत छातीच्या उजव्या बाजूवर गेला. तिथे काहीतरी होतं आणि कोणीतरी ते काढून नेलं, असा त्यांचा चेहरा झाला होता. इतकी वर्षं मी त्या माणसाची मनातल्या मनात टर उडवत आलो होतो. आता उघड उडवायची सोय झाली होती, आणि उडवावीशी वाटेना.

काकूने विमान हलकेच टेबलावर ठेवलं.

"शेठ, शाळा कधी उघडते?"

"जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. पण बाई, गंगाधरपंतांची प्रकृती—"

"ह्यांना काही झालेलं नाही," काकू म्हणाली. "मी डाग पाहिलाय. आम्ही येतो."

खातूशेठ अवघडले. आपण काहीतरी मोडलं एवढं त्यांना कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. अवघडलेला माणूस करतो तसं त्यांनी खिशात हात घातला, सिगारेटचं पाकीट काढलं, मग आठवलं, आणि ओशाळून परत ठेवायला लागले.

काकांनी हात पुढे केला.

खातूशेठनी एकदा काकूकडे पाहिलं, मग पाकीट उघडून धरलं. काकांनी सिगारेट घेतली, पेटवून घेतली. गळ्याचा मफलर सैल केला. पहिला झुरका पार पोटापर्यंत ओढला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे खोकल्याची वाट पाहत होतो. खोकला आला नाही.

काकू स्वयंपाकघरात गेली आणि एक बशी घेऊन आली. ती तिने काकांच्या पुढ्यात ठेवली.

"राख या वेळी बशीत झाडा," ती म्हणाली.